राहून पाहिलेली घरं

बाई ज्या घरात राहायच्या ते घर कधी पुरं झालेलं नसायचं. एखाद्या भिंतीचं प्लास्टर राहिलेलं, मोरीला दार नाही, खिडकीच्या जागी खताच्या पोत्याचा पडदा. मग शेवटची फरशी बसली, रंग वाळला, नळाला तोटी लागली, घर चारचौघांना दाखवण्याजोगं झालं, की बाई आपली लोखंडी पेटी उचलून निघालेल्या असायच्या. तयार घर भाडेकरूचं आणि अर्धं घर आपलं, असं त्यांचं चालायचं. सगळी नोकरी त्यांनी अशीच काढली.

त्या सरकारी नर्स होत्या. बदल्या व्हायच्या त्या जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, पण व्हायच्या. ऑर्डर आली की बाकीच्या नर्सा रडायच्या, पुढाऱ्यांच्या दारी चकरा मारायच्या. बाई नव्या गावाला जाऊन आधी विचारायच्या, "इथं पानी किती खोल लागते?" मग प्लॉट पाहायच्या. पहिलं घर वडनेर भोलजीला, दुसरं अमडापूरला, तिसरं बीबीला. मोठी गावं ही. बाजार भरतो, शाळा आहे, बँक आहे, म्हणजे बदलून येणारे मास्तर आणि तलाठी आले, आणि त्यांना खोली लागणार हेही आलं. बाईंना हे कोणी शिकवलं नव्हतं. नव्या गावात उतरल्यावर आपल्याला काय सापडलं नाही, ते दुसऱ्यालाही सापडणार नाही, एवढंच त्यांनी ओळखलं होतं.

पहिल्या घराचं भाडं दुसऱ्या घराचा हप्ता भरायचं आणि दोघींचं मिळून तिसरीला हातभार लागायचा. दोघींचं म्हणते, कारण त्या तसंच म्हणायच्या. थोरली, मधली, धाकटी. "थोरलीनं मधलीले उभी केलं. आता दोघी मिळून धाकटीचं पाह्यतात." भाडेकरू म्हणजे जावई. "अमडापूरचा जावई चांगला भेटला बाप्पा, सोताहून गच्चीवरचा कचरा काढते." वडनेरच्या एका जावयाने वर्षभर रडवलं होतं. त्याचा विषय निघाला की त्या माशी उडवावी तसा हात झटकायच्या आणि दुसरं बोलायला लागायच्या.

लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं. "लोकायचे बाळंतपनं करता करता राहून गेलं."

माझी आणि त्यांची गाठ बीबीला पडली. माझी नोकरी बँकेत, कॅशच्या खिडकीमागची. लग्न झालेलं नव्हतं आणि आई माझ्याजवळ होती. आईला विसर पडायला लागला होता. आधी किल्ल्या, मग नावं, मग वर्षंच्या वर्षं. भावाने पुण्याला नेऊन पाहिलं. त्याचं घर अकराव्या मजल्यावर. आई दार उघडून अंगणात जायला निघायची आणि अंगण सापडेना की जिन्यात बसून रडायची. मी तिला परत घेऊन आले, आणि त्याच सुमारास माझी बदली बीबीला झाली.

तिथे मिळालेली पहिली खोली आठवड्यात सुटली. आईने घरमालकांच्या स्वयंपाकघरात जाऊन, पोळ्या जाड करतेस म्हणून त्यांच्या सुनेला झापलं होतं. दुसऱ्या ठिकाणी मी आईबद्दल आधीच सांगून टाकलं, तर ती खोली आदल्याच दिवशी कोणाला तरी दिली गेली असल्याचं कळलं. तिसऱ्या ठिकाणी मला चहा दिला आणि म्हणाले, "एकटी बाईमाणूस, त्यात घरात असं म्हातारं माणूस. आमच्याबी घरात लेकीबाळी हायत." शेवटी बँकेतल्या शिपायाने सुचवलं. "मॅडम, नर्सबाईकडं जाऊन बघा. पण ती बाई जरा येगळी हाय. काय पण इचारते."

खरंच काय पण विचारलं. मी गेले तेव्हा बाई अंगणात उकिडव्या बसून वाळू चाळत होत्या. नर्सचा पांढरा ड्रेस तारेवर वाळत होता आणि अंगावर विटकी नऊवारी होती. आडनाव, जात, पगार, यातलं काही विचारलं नाही. पहिला प्रश्न होता, "रात्री कोन कितीदा उठते?"

"आई. बऱ्याचदा."

"मंग संडासाजवळची खोली तिची. घरात रुसते कोन?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"रुसून बसते कोन म्हटलं. तू का माय?"

"दोघीही," मी म्हणाले.

"मंग जमलं." त्यांनी हात झटकले आणि मला स्वयंपाकघरामागची एक चिंचोळी खोली दाखवली. एक खिडकी, बसायला एक कट्टा, बाकी काही नाही. "रुसायले जागा पाह्यजे घरात. नाही तं मानूस थेट विहिरीकडं जाते. मी लय पाह्यले असे." त्यांच्या तिन्ही घरांत अशी एक खोली होती. भाडेकरू तिच्यात गव्हाच्या कोठ्या ठेवायचे, ते वेगळं.

मी आईचं सगळं सांगितलं. ती ओरडते, उठून कुठेही जाते, कोणालाही काहीही बोलते. बाई पुन्हा वाळूशी जाऊन बसल्या होत्या. "पोरी, मी नर्स आहे. कळा देता देता बायका मले जे बोलल्या, ते तुही माय जल्मात बोलनार नाही. सामान आन."

आम्ही राहायला गेलो ती बाजू तयार होती. बाई पलीकडच्या बाजूला राहायच्या, दोन खोल्यांत. एकीला छत होतं पण प्लास्टर नव्हतं. दुसरी अजून विटांवरच होती.

तयार बाजू आम्हाला मिळाली याचा अर्थ बाईंनी ती आधी राहून पाहिली होती. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा स्वतः काढल्याशिवाय त्या कोणतीही खोली कोणाला देत नसत. खोल्यांमधून आळीपाळीने झोपायच्या. त्यांच्या बाजूच्या खोलीची परीक्षा चालू असताना भर मे महिन्यातल्या एका दुपारी मी त्यांना पंखा बंद करून बसलेलं पाहिलं. घामाने साडी अंगाला चिकटली होती.

"बाई, काय करताय?"

"पाह्यतो. लेकरू निजंल का इथं दुपारी?"

आमच्या घाटाखालच्या, म्हणजे जिल्ह्याच्या सखल भागातल्या, बायका 'मी पाह्यतो, मी जातो' असंच म्हणतात. बीबीच्या लोकांना त्याचं हसू यायचं, कारण तिथली बोली जालन्याकडे झुकलेली. मी आणि आईही घाटाखालच्याच. पण मी शाळा-कॉलेजात 'सुधारले' होते आणि आई माणसंच विसरत चालली होती. बाईंचा आवाज आला की आई जिथे असेल तिथे मान वळवायची. ओळख पटली म्हणून नव्हे. बोलणं ओळखीचं होतं म्हणून.

कुठे ओल दिसली की बाई भिंतीला हाताची पालथी बाजू लावायच्या, ताप पाहावा तशी. "अजून कनकन आहे," असं म्हणून दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलवायच्या. हे असं रात्री-अपरात्री नाही, पण जेवणाच्या ताटावर बसलेलं असताना, पाहुणे आलेले असताना कधीही व्हायचं. दार लोटून यायच्या, भिंत चाचपायच्या आणि निघून जायच्या. भिंतीला खिळा ठोकायची सक्त मनाई. आईने एकदा बत्त्याने खिळा ठोकून देवीचं कॅलेंडर लावलं, तेव्हा बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आईशी बोलत होत्या.

पैशाच्या बाबतीत तर त्या कठोरच होत्या. भाडं एक तारखेला म्हणजे एक तारखेला. स्वतःवर खर्च शून्य. बसायला उरलेल्या विटांचा चौथरा, झोपायला नवारीची खाट. चहा कोणी आला तरच. बाहेरचा दिवा मात्र रात्रभर जळायचा, त्याचं बिल त्या भरायच्या, आणि त्यांच्या कोणत्याही घराला फाटक नव्हतं. गावात जरा बरं घर असलं की लोखंडी फाटक येतंच. बाईंच्या घराला रस्त्यावरून सरळ ओटा, ओट्यावरून सरळ दार. मी सुरक्षिततेचा विषय काढला तेव्हा त्यांनी मला फाटक का नाही, ते सांगितलं.

पहिली नेमणूक वडनेरच्या बाजूला होती. उपकेंद्राची इमारत अजून उभी राहायची होती, म्हणून एका बड्या शेतकऱ्याच्या घरामागे खोली घेतलेली. घराला मोठं फाटक. दिवेलागण झाली की कुलूप. एकदा तिन्हीसांजेला एक मजूर आपल्या अडलेल्या बायकोला बैलगाडीत घालून घेऊन आला. फाटक वाजवलं. मालकाने आतून सांगितलं, किल्ली सापडत नाही, सरकारी दवाखान्यात जा.

"किल्ली त्याच्या कमरेले होती," बाई म्हणाल्या. "मले दिसत होती."

"मग?"

"मंग काय? भिंतीवरून उडी मारली. हे पाह्य." त्यांनी साडी जरा वर करून नडगीवरचा जुना व्रण दाखवला. "फाटकाच्या बाहेर, रस्त्यावर मोकळी केलं तिले. दोघंबी वाचले. पोरगं झालं." "सकाळी मालक म्हने, दारात विटाळ केला, खोली खाली करा. मी पेटी उचलली. धर्मशाळेत राह्यली महिनाभर. तिथं ठरवलं, आता कोनाच्या फाटकात राहाचं नाही."

त्यानंतर एका किराणा दुकानदाराकडून उकिरड्याजवळचा प्लॉट हप्त्याने घेतला आणि दोन खोल्या उभ्या केल्या. एकीत स्वतः, दुसरीत भाडेकरू. थोरली म्हणतात ती ही.

आता मूळ गोष्टीकडे येते.

आम्ही राहायला जाऊन थोडे दिवस झाले होते. बाईंनी सकाळी ओट्यावर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. रविवार होता, मी घरी होते. आई बाहेर आली, मिरच्यांकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"काऊन वो बाई, ओट्यावर मिरच्या कोनाले इचारून घातल्या?"

बाई वळल्या.

"भाड्यानं राह्यता नं तुमी? मंग इचाराले काय झालं? येनाऱ्या-जानाऱ्याले ठसका नाही लागत?"

माझ्या लक्षात आलं. लग्न होऊन आई जळगाव जामोदला आली तेव्हा सासरच्या घरात दोन खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या आणि भाडेकरूंचं सगळं आजीने तिच्यावर सोपवलेलं. आई त्या वर्षांत जाऊन पोचली होती. हे घर तिचं होतं आणि बाई तिची भाडेकरीण. मी बाईंपुढे हात जोडले. पाचवी खोली शोधायची तयारी मनात सुरूही झाली.

बाईंनी आईकडे नीट पाहिलं. मग खाली बसून सगळ्या मिरच्या सुपात गोळा केल्या. "चुकलं माय. उचलतो."

"आन् भाडं?"

"एक तारखेले देतो."

"टायमावर देत जा. मले मागाले बरं नाही वाटत."

एक तारखेला सकाळी मी भाडं दिलं. अकराच्या सुमारास बाई धुतलेलं पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन आमच्या दारात उभ्या. तेच पैसे दोन्ही हातांनी आईपुढे धरलेले. आईने घेतले, उशीखाली ठेवले आणि म्हणाली, "बस. च्या पी." संध्याकाळी मी ते उशीखालून काढून बाईंना परत नेऊन दिले. त्यांनी ते घेतले. हेही सांगायला हवं. नको-बिको काही नाही. मोजून पेटीत ठेवले.

असं दर महिन्याला व्हायला लागलं. आईला त्या एका दिवसासाठी वेणीफणी करावीशी वाटायची. इतर दिवशी मी कोण हे तिला कधी कळायचं, कधी मी तिची धाकटी बहीण असायचे. पण भाडेकरीण ती विसरली नाही. ओट्यावर पाणी सांडलं, दार आपटलं, की ती बाईंना बोलायची, आणि बाई "हाव माय, चुकलं" म्हणायच्या. मला आधी अवघडल्यासारखं व्हायचं. मग सवय झाली. दिवसा आईजवळ बसायला मी एक शेजारीण ठेवली होती, तिला मात्र हे कधीच पटलं नाही. मालकिणीनं भाडेकरूचं ऐकून घ्यायचं म्हणजे घराची अब्रू गेली, असं तिचं मत होतं.

पुढच्या वर्षी बाई रिटायर झाल्या. त्यांची बाजूही तोवर पुरी झाली होती. प्लास्टर, फरशी, रंग, सगळं. चिखलीला त्यांनी चौथा प्लॉट घेऊन ठेवला होता, जोतं झालं होतं, गवंडी ठरला होता. नेमाप्रमाणे त्यांनी पेटी बांधली. बीबीची त्यांची बाजू एका कृषी सहायकाने घ्यायचं कबूल केलं. निघताना त्या आईच्या पाया पडल्या. आईने आशीर्वाद दिला, पण त्या कुठे निघाल्यात हे तिच्यापर्यंत पोचलं नसावं.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आईने विचारायला सुरुवात केली. "माही भाडेकरीन कुठं गेली?"

मी सांगायची, चिखलीला गेली, नवं घर बांधते आहे.

"न सांगता गेली?" थोड्या वेळाने पुन्हा, "मी मिरच्यावरून बोलली म्हनून गेली का? मले असं बोलाले नव्हतं पाह्यजे. एकटी बाई बिचारी." ती रडायची. जेवण पुढे केलं तर ताट सरकवायची. "आधी तिले घेऊन ये. आपून तिले घराबाहेर काढलं."

एका दुपारी शेजारीण दळण आणायला गेली तेवढ्यात आई निघाली. बँकेत निरोप आला तेव्हा मी काउंटर तसाच टाकून पळाले. ती बसस्टँडवर सापडली. एकेका बसच्या दाराशी उभी राहून कंडक्टरला विचारत होती, "माही भाडेकरीन पाह्यली का? गोरी नाही, सावळी आहे. आंगात पांढरं झंपर." पायात चप्पल नव्हती. माणसं गोळा झाली होती, काही हसत होती. मी तिचा दंड धरला तर तिने तो सोडवून घेतला. मी कोण, हे तिला त्या वेळी माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी बाईंना फोन केला. या म्हणायला नाही. त्यांचं घर उभं राहत होतं, मी कोणत्या तोंडाने म्हणणार? तिला शांत कसं करायचं, एखादी गोळी आहे का, एवढंच विचारायचं होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "जेवली का ते?" एवढं विचारलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत जायला निघाले तर ओट्यावर लोखंडी पेटी. आणि बाई आईपुढे उभ्या.

"कुठं गेली होती वो?" आई विचारत होती.

"माहेरी गेली होती माय."

"सांगून जाव नं! मानसाचा जीव लागते."

"हाव. चुकलं."

आईने त्यांचा हात धरून त्यांना घरात नेलं आणि खायला काय आहे ते शोधायला लागली. मी दारात उभी राहिले. बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. कृषी सहायकाला त्यांनी त्याच दिवशी नाही म्हणून कळवलं.

त्या मग आई असेपर्यंत बीबीलाच राहिल्या. दोन वर्षांहून जास्त. तयार घरात राहायची त्यांची ती पहिलीच वेळ आणि ते त्यांना अजिबात झेपत नव्हतं. "पुऱ्या झालेल्या घरात मले झोप नाही येत पोरी. काय करू सकाळी उठून?" मग चांगली मोरी फोडून पुन्हा बांधली. जिना नव्हता तिथे जिना केला. तिकडे चिखलीला जोत्यातून वर आलेल्या सळया गंजत होत्या, गवंडी दुसऱ्या कामावर गेला होता आणि सिमेंटच्या गोण्यांचे दगड झाले होते. हे मला बाईंनी सांगितलं नाही. त्यांच्या भाच्याने सांगितलं, म्हणजे भावाच्या मुलाने. चिखलीच्या कामावर तोच लक्ष ठेवायचा. एकदा तो मोटारसायकलवर तडक आला आणि ओट्यावरूनच सुरू झाला.

"आत्या, डोकं फिरलं का तुहं? भाव कुठच्या कुठं गेले! लोकाच्या मायसाठी सोताचं घर उघडं टाकून बसली? रक्ताची आहे का ते तुह्या?"

बाई दारात आल्या. त्यांचा आवाज अगदी खाली होता.

"काऊन ओरडून राह्यला बे? माही घरमालकीन झोपली आहे."

तो खाली बसला. जरा वेळाने म्हणाला, "पानी तं दे." त्या दिवशी तो जेवून गेला.

चिखलीचं घर पुढे झालं. मी दोनदा जाऊन आले. पुढच्या दोन खोल्यांत एका एसटी कंडक्टरचं कुटुंब आहे, मागे बाई. सत्तरी गाठली आहे आणि मागची बाजू अजून पुरी व्हायची आहे. ती पुरी होऊ नये असंच त्या पाहतात की काय, अशी मला शंका आहे. मागच्या वेळी गेले तर कंडक्टरची बायको रुसायच्या खोलीत बसली होती आणि बाई दाराबाहेर विटेवर बसून ती बाहेर यायची वाट पाहत होत्या.

आई बीबीच्या त्याच घरात गेली, हिवाळ्यात, सकाळी, फारसा त्रास न होता. मी बाजूला होते आणि बाई उशाशी. त्यांनीच नाडी धरली होती. मला "गेली" असं न सांगता त्यांनी आईचा हात हळूच तिच्या छातीवर ठेवला. आंघोळ घातली, केस विंचरले, नाकातली चमकी काढून माझ्या हातात दिली. अगदी नर्ससारखं, एक थेंब न गाळता. मला वाटलं, किती बाळंतपणं, किती मरणं पाहिली असतील यांनी. आपलं दुःख ते आपलं.

तेरवी झाल्यावर भाऊ पुण्याला गेला. मी बदली मागितली, खामगाव मिळालं. खोल्या रिकाम्या केल्या त्या दिवशी सामानाची गाडी सकाळीच निघाली आणि मी किल्ली द्यायला मागे थांबले. बाई आईच्या खोलीत होत्या. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, साडी वर खोचलेली, बादलीत रंग कालवलेला. पलंग होता तिथे भिंतीवर आईच्या डोक्याचा डाग पडलेला होता. ती दिवसभर तिथे टेकून बसायची. खोबरेल तेलाचा, ताटाएवढा. बाईंनी नेमकी तिथूनच सुरुवात केली होती.

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, तेवढं राहू द्या नं. निदान मी जाईपर्यंत."

त्यांचा ब्रश थांबला नाही. "येत्या सोमवारी नवा मास्तर येऊन राह्यला. त्याची बायको पोटुशी आहे. तिनं काय इथं दुसऱ्याचा डाग पाह्यत निजाव?"

मला राग आला. इतकी वर्षं गेली, तरी त्या रागाची चव मला आठवते. घरमालकीण ती घरमालकीणच, असं मनात आलं. किल्ली खिडकीत ठेवून मी वळले.

"ऐक," बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "मी रिटायर झाल्यावर, तू बँकेत गेली का मी रोज तिच्याकडं तक्रार घेऊन जात होती."

"कसली तक्रार?"

"नळ टपकते. दार अटकते. मुंग्या झाल्या. काही नसलं तं उगाच सांगत होती, छत गळून राह्यलं म्हनून. भर उन्हाळ्यात." त्या जराशा हसल्या. "तुही माय मले बसवत होती, पानी देत होती. म्हने, घोर करू नको, माही पोरगी बँकेतून आली का तिले सांगतो."

मला आठवलं. संध्याकाळी मी चप्पल काढते न काढते तोच आईचं सुरू व्हायचं. त्या बाईच्या दाराले तेल घाल. तिच्याकडं मुंग्या झाल्या, हळद टाक. भाड्यानं राह्यते म्हनून काय झालं, मानूस आहे ते. मी "हो, हो" म्हणायचे आणि चहा ठेवायचे. तिचं नेहमीचं भरकटणं, असं समजून. मला वाटायचं, बाई आमच्यासाठी नाटक करतात. मी घरात नसतानाही ते चालू होतं, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

"साऱ्या जल्मात सारेच मले सांगतात," बाई म्हणाल्या. "वडनेरचा सांगते मोटर जळली. अमडापूरचा सांगते ओल आली. हाव म्हनतो, पाह्यतो म्हनतो. माह्या छताचं मी कोनाले सांगू? तुही माय होती तवर..."

त्यांनी ब्रश बादलीत बुडवला, काठावर निथळवला आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या. हात वर गेला आणि तसाच राहिला. खांदे हलत होते. आई गेली त्या दिवशी जे झालं नव्हतं ते आता, रिकाम्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून होत होतं.

खामगावला गाडी पोचायच्या आत मला पोचायला हवं होतं. मी पर्स खाली ठेवली, ओढणी कमरेला बांधली. कोपऱ्यात जुना ब्रश पडला होता, तो उचलला.

"वरून खाली मार," बाई म्हणाल्या. "आडवा नको मारू."

तेलाचा डाग रंगाखालून पुन्हा पुन्हा पिवळा होऊन वर यायचा. आम्ही दोघी दुपार कलेपर्यंत त्या एकाच भिंतीशी होतो.